चार-पाच वर्षांच्या मुलांना ‘इतिहास’ कसा शिकवायचा? (माझी फोटोंची भिंत फसली)

खडूवाली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय आणि तो पण तोंडावर आपटल्यावर.

मी बालवर्गाला शिकवते, मुलं चार ते साडेपाच वर्षांची, एकूण १९. यंदा आमच्याकडे ठरलं की एवढ्या लहान मुलांना पण इतिहास असायला हवा, म्हणजे राजे लढाया नव्हे, तर मी कोण, माझी माणसं कोण, मी यायच्या आधी इथे काय होतं, असं. उद्देश हा की मुलाला वाटावं आपण कुणाचे तरी आहोत, या वर्गातले आहोत. मला कल्पना मनापासून पटली. आणि मग उत्साहाच्या भरात सगळे जे करतात तेच मी पण केलं, घरी चिठ्ठ्या पाठवल्या, तान्हेपणीचा एक फोटो आणा, आईबाबांच्या लहानपणीचा एक आणा, आजीआजोबांचा एक आणा, आपण भिंतीवर मोठ्ठं झाड करू.

१८ मुलांचे आले. एका मुलानं (त्याला इथे ‘क’ म्हणते) एक कागद आणला, कात्रीनं जरा वाकडा कापलेला, त्यावर गुबगुबीत हसरं बाळ. मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं अरे वा किती गोड, हा तू का? तो म्हणाला हो मीच. तेवढ्यात शेजारची मुलगी मोठ्यांदा म्हणाली, ‘हा तू नाहीयेस, हे बाळ आमच्या बाळाच्या डायपरच्या पुड्यावर असतं.’ आणि खरंच, कागदाच्या कडेला निळ्या अक्षराचं एक टोक राहिलं होतं कापायचं.

मी काय केलं तर काही नाही. ‘असू दे, छान आहे, चिकटवू या’ म्हटलं आणि चिकटवलं. नंतर त्याच्या आईशी बोलले तेव्हा कळलं की त्यांना घर एका रात्रीत सोडावं लागलं होतं आणि जे मागे राहिलं त्यात फोटो पण गेले, मुलानं रडून गोंधळ घातला म्हणून तिनंच कापून दिला. तेव्हापासून ‘क’ त्या भिंतीकडे पाठ करून बसतो. दहा दिवस झाले.

प्रश्न दोन. एक, ही भिंत आता काढून टाकू का? दोन, मुळात या वयात इतिहास कळतो का हो? माझी अर्धी मुलं अजून ‘उद्या आम्ही बागेत गेलो होतो’ म्हणतात. कुणी केलं असेल तर सांगा, पुस्तकी नको, करून बघितलेलं सांगा.

(टंकनाच्या चुका पोटात घाला, मोबाइलवरून लिहितेय.)

सनावळी

खडूवाली, आधी स्वतःला फार बोल लावू नका, वर्गात असं होतं.

पण दुसऱ्या प्रश्नावर जरा कडवट बोलतो. मी मोठ्या मुलांना इतिहास शिकवतो, १३ ते १५ वयाच्या. तिथे सुद्धा शंभर वर्षांपूर्वी आणि पाचशे वर्षांपूर्वी यात बऱ्याच जणांना फरक जाणवत नाही, दोन्ही म्हणजे ‘पूर्वी’. मग चार वर्षांच्या पोराला काय डोंबल इतिहास शिकवणार? जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं काळाबद्दल मुलांना काय वाटतं यावर १९४६ साली अख्खं पुस्तक काढलं, त्यात दिसतं की लहान मुलं वय आणि उंची यांची सरळ गल्लत करतात, जो उंच तो मोठा, विषय संपला. ज्याला वय म्हणजे उंची वाटते त्याला पिढी म्हणजे काय ते कसं कळणार. गोष्टी सांगा, गाणी म्हणा, चित्र काढू द्या, इतिहास आमच्यावर सोडा.

दुसरी भीती अशी की ‘इतिहासातून ओळख’ म्हटलं की माझ्या कानात धोक्याची घंटा वाजते. ओळख म्हणजे आपण, आणि आपण म्हटलं की लगेच ते. लहानपणी एकदा डोक्यात बसलेलं काढायला मला नंतर तीन वर्षं लागतात आणि तरी निघत नाही.

ठोंब्या

आमच्या वेळी असलं काही नव्हतं, आम्ही काय स्वतःला विसरलो का? उगीच पालकांना प्रोजेक्ट.

ताईबाई२६

ठोंब्या, तुमच्या वेळी काय होतं ते तुम्ही आत्ता इथे सांगताय, यालाच इतिहास म्हणतात 🙂

खडूवाली, मी २६ वर्षं बालवर्गातच आहे, तुमचं झाड मी पण केलंय आणि माझंही पडलंय. माझ्याकडे एका मुलीनं बाबांच्या जागी तिच्या मामाचा फोटो आणला होता आणि मी सगळ्यांसमोर ‘अगं हे तर मामा’ म्हणाले होते. अजून आठवलं की कानाची पाळी गरम होते.

भिंतीचं आधी. एका रात्रीत काढू नका. सकाळी भिंत मोकळी दिसली की सगळ्यात आधी ‘क’ला कळेल की हे माझ्यामुळे झालं. मुलांना कारण लागतंच, आणि आपण नाही दिलं तर ती स्वतःलाच कारण करून टाकतात. भिंत हळूहळू बदला. त्या झाडात मुलांनी काढलेली चित्रं लावा, ‘मला कोण झोपवतं’, ‘माझ्याशी कोण खेळतं’, फोटोवर चित्र येत गेलं की दोन आठवड्यांत ती चित्रांचीच भिंत होते आणि कुणाचं काय कमी होतं ते दिसेनासं होतं. आणि ‘क’शी एकट्याशी एकदा बोला. लांबण नको. ‘मी फोटो आणा म्हटलं ते चुकलंच माझं, सगळ्यांकडे फोटो नसतात’ एवढंच. मोठ्यांनी चूक कबूल केली की मुलं दोन मिनिटं तोंडाकडे बघत राहतात आणि मग खेळायला जातात.

आता खरा मुद्दा. आपण इतिहास म्हटलं की लगेच घरी हात पसरतो, घरून आणा घरून आणा. घरचा इतिहास सगळ्यांचा सारखा नसतो, कुणाचा भरलेला, कुणाचा फाटलेला, कुणाचा कुणाला सांगायचाच नसतो. पण एक इतिहास १९च्या १९ मुलांकडे सारखा आहे, तो म्हणजे तुमच्या वर्गाचा. तो पहिल्या दिवशी सुरू झाला आणि त्याला साक्षीदार आहेत, पुरावे आहेत, भांडणं पण आहेत. तिथून सुरू करा.

मी काय करते ते सांगते. वर्गात या टोकापासून त्या टोकापर्यंत एक दोरी बांधते, मुलांच्या हाताला पोचेल अशी (माझ्या उंचीला बांधलीत तर ती तुमची दोरी होते, त्यांची नाही). दर आठवड्याला मुलं ठरवतात की या आठवड्यातली कुठली गोष्ट दोरीला लावायची आणि चिमट्यानं लावतात. कधी चित्र असतं, कधी तुटलेला खडू, एकदा पडलेला दात लावला होता पाकिटात घालून. डावीकडे जुनं, उजवीकडे नवं. महिनाभर झाला की मुलं आपोआप दोरीच्या कडेनं चालायला लागतात, ‘इथे मला ताप आला होता’, ‘इथे ती नव्हती, ती नंतर आली’. ते ‘उद्या गेलो होतो’ वालं मूल पण दोरीपाशी उभं राहून बरोब्बर मागे बोट दाखवतं. शब्द चुकतो हो, काळ तितका चुकत नाही.

दुसरं, पहिल्या आठवड्यात प्रत्येकाच्या पावलाचा ठसा घेऊन ठेवते. तुम्ही घेतला नसेल तर त्यांचं पहिलं चित्र असेलच फायलीत कुठेतरी. सहा महिन्यांनी त्याच ठशावर पाय ठेवायला सांगा आणि तोंडं बघा. आधी विश्वासच बसत नाही, मग बोटं आत ओढून ठशात बसवायचा प्रयत्न करतात. पुरावा म्हणजे काय ते त्या क्षणी कळतं, मी वेगळं काही शिकवत नाही.

आणि तिसरं, भांडण झालं की मिटवायची घाई करायची नाही (हाणामारी सोडून). आमच्याकडे एकदा कुंडी फुटली. कुणी फोडली याच्या चार हकिगती आल्या. मी चारही जणांना त्यांचं त्यांचं चित्र काढायला लावलं आणि चारही दोरीला लावली. मग एकच प्रश्न विचारत राहिले, ‘तुला कसं कळलं?’ एक म्हणाला मी बघितलं. एक म्हणाली मला त्यानं सांगितलं. एक म्हणाला आवाज आला म्हणून मी वळलो तेव्हा फुटलेलीच होती. सनावळी सर, तुम्ही १३व्या वर्षी हेच शिकवता ना, कोण प्रत्यक्ष होता आणि कोण ऐकीव सांगतोय? माझ्याकडे कुंडीवर होतं ते.

कुतूहल

ताईबाईंना +१, कुंडी तर झकासच.

मी मुलांच्या स्मृतीवरचं थोडं वाचत असते म्हणून सनावळी सरांच्या पियाजेवर दोन शब्द. पियाजे बरोबर होता पण अर्धा. त्यानं मुलांना काळाचा हिशोब विचारला, किती, कधीपासून, कोण कुणाहून किती मोठा. तिथे चार वर्षांचं मूल गडबडणारच. पण ‘यातलं आधी काय झालं’ हा वेगळा प्रश्न आहे. विल्यम फ्रीडमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९९१ मध्ये एक साधा प्रयोग केला, शाळेत मुलांसमोर दोन वेगवेगळ्या गोष्टी करून दाखवल्या, एक सात आठवडे आधी आणि एक आठवडाभर आधी, आणि मग विचारलं यातली जवळची कुठली. चार वर्षांच्या मुलांना पण जमलं. महिना कुठला होता, ऋतू कुठला होता, ते मात्र मोठ्या मुलांनाच सांगता आलं. म्हणजे कॅलेंडर नंतर येतं, आधी-नंतर आधी येतं. ताईबाईंची दोरी म्हणूनच चालते, ती कॅलेंडर मागतच नाही.

दुसरं म्हणजे आठवण ही मुलाच्या डोक्यात एकट्यानं तयार होत नाही, बोलण्यात होते. मोठ्या माणसांना स्वतःचं सगळ्यात जुनं काय आठवतं विचारलं तर सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासचं काहीतरी सांगतात, त्याच्या मागे धुकं. रॉबिन फिवश आणि इलेन रीस या मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं आया आणि मुलं जुन्या गोष्टी कशा बोलतात ते ऐकलं. काही आया परीक्षा घेतल्यासारखं विचारतात, ‘आपण कुठे गेलो होतो? सांग ना. कुठे? आठवत नाही?’ आणि काही जणी उलगडत जातात, ‘आपण गेलो तेव्हा पाऊस होता ना, तू माझा हात सोडून पळालास, मग काय झालं?’ दुसऱ्या प्रकारात मूल जे काही बोलेल ते धरून पुढे नेतात. अशा घरातली मुलं नंतर स्वतःबद्दल जास्त भरीव, जास्त तपशिलानं सांगू शकतात. खडूवाली, यात तुम्हाला फोटो लागत नाही, वही लागत नाही, फक्त ‘मग?’ लागतो. आणि हे वर्गात पण होतं, आईच हवी असं नाही.

आता ती एक गोष्ट जी सगळीकडे फिरते, की घरचा इतिहास माहीत असलेली मुलं जास्त खंबीर असतात. ती मार्शल ड्यूक (हेही मानसशास्त्रज्ञ) आणि फिवश यांच्या ‘तुला माहीत आहे का’ या २० प्रश्नांच्या यादीवरून आलीय, तुझे आईवडील कसे भेटले, आजीआजोबा कुठे वाढले, असे प्रश्न. ज्यांना जास्त उत्तरं माहीत त्यांचा आत्मसन्मान आणि आपल्या आयुष्यावर आपला ताबा आहे ही भावना जास्त दिसली. पण (हे लोक विसरतात) ती मुलं तुमच्या वर्गातल्या मुलांपेक्षा बरीच मोठी होती, आणि २० उत्तरं पाठ करून घेतली की मूल खंबीर होतं असा अर्थ नाही. संशोधकच सांगतात की महत्त्वाचं आहे ते जेवताना, प्रवासात, कंटाळा आल्यावर अशा गप्पा घरात होत राहणं. मला तर वाटतं त्या यादीचा फॉर्म करून पालकांना पाठवणारा कुणीतरी निघणारच, कृपया तो तुम्ही होऊ नका.

मधलीसुट्टी

नेहमी वाचून पुढे जातो, आज राहवलं नाही.

माझी मुलगी दत्तक आहे. सव्वा वर्षाची असताना आमच्याकडे आली. त्याच्या आधीचा तिचा एकही फोटो नाही. तिच्या बालवर्गात (शाळेचं नाव घेत नाही) हीच चिठ्ठी आली होती, तान्हेपणीचा फोटो आणा. माझ्या बायकोनं चिठ्ठी वाचली आणि फ्रिजवर लावून ठेवली, पाच दिवस ती तिथेच होती, आम्ही दोघं तिच्याभोवती चकरा मारत होतो. सहाव्या दिवशी मुलगीच म्हणाली, माझा फोटो नाहीये ना, मग मी फ्रॉक नेते. ती आली त्या दिवशी अंगावर होता तो पिवळा फ्रॉक, खिशाचं शिवण उसवलेलं. आम्ही तो कधीच दुरुस्त केला नाही, तसाच ठेवलाय. तो घेऊन गेली.

हे सांगतोय कारण फोटो नसलेल्या मुलाचा इतिहास नसतो असं नाही, तो दुसरीकडून सुरू होतो. ब्रिटनमध्ये दत्तक मुलांसाठी रीतसर आयुष्याच्या गोष्टीची वही करतात, त्यात जे माहीत ते लिहायचं आणि जे माहीत नाही ते माहीत नाही असंच लिहायचं. आम्ही घरीच तशी एक केली. त्यातलं एक पान कोरं आहे. त्यावर तिच्या सांगण्यावरून आईनं लिहिलंय, ‘इथे कुणीतरी मला अंगाई म्हटली असेल’. असेल. ‘म्हटली होती’ असं नाही लिहिलं.

लोक म्हणतात लहान आहे, काहीतरी गोड सांगून टाका, आकाशातून आलीस वगैरे. मला ते पटत नाही. १९८९च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात आठवं कलम मुलाच्या ओळखीचं आहे, नाव, राष्ट्रीयत्व, कुटुंबाचे संबंध जपण्याचा हक्क. मी ते वाचलं तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की तिची गोष्ट ही तिची मालमत्ता आहे, मी फक्त सांभाळतोय. मालमत्तेत आपण आपल्या मनानं भर घालत नाही.

म्हणून तुमच्या ‘क’बद्दल एकच विनंती. त्याच्या घराचं जे झालं ते वर्गाला तुम्ही समजावून सांगू नका, कितीही चांगल्या हेतूनं. ते सांगायचं की नाही, कधी, कुणाला, हे त्याचं आणि त्याच्या आईचं.

सनावळी

मधलीसुट्टी, कोऱ्या पानाचं वाचून मी बराच वेळ नुसता बसलो होतो.

ठीक आहे, मी माझं ‘इतिहास आमच्यावर सोडा’ मागे घेतो. कुंडीवाला प्रकार मी उद्या माझ्या वर्गात करणार आहे, ताईबाई, परवानगी गृहीत धरतो. माझी मुलं चार साधनं दिली तर पहिला प्रश्न विचारतात ‘सर यातलं बरोबर कुठलं, परीक्षेला काय लिहायचं’. कुणी तरी त्यांना चौथ्या वर्षी ‘तुला कसं कळलं’ विचारायला हवं होतं.

पण माझी दुसरी भीती कुणी खोडलीच नाही. आपलेपणाच्या नावाखाली थोर माणसांच्या गोष्टी आणि आपण किती महान हे सुरू होतं, त्याचं काय?

कुतूहल

खोडत नाही, कारण ती खरी आहे. ओळख या वयात घडते आणि बिघडतेही. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याचा बाहुल्यांचा प्रयोग तुम्हाला माहीत असणार. १९४०च्या सुमाराचा, अमेरिकेतली तीन ते सात वर्षांची कृष्णवर्णीय मुलं, समोर चार बाहुल्या, रंग सोडला तर अगदी सारख्या. छान बाहुली कुठली विचारल्यावर बहुतेकांनी गोरी उचलली. ‘तुझ्यासारखी कुठली’ विचारल्यावर काही मुलं रडली, काही खोलीतून पळून गेली. १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं शाळांमधलं वर्णविभाजन बेकायदा ठरवताना तळटीपेत केनेथ क्लार्कच्या कामाचा उल्लेख केला. सांगायचा मुद्दा, त्या मुलांना कुणी तास घेऊन शिकवलं नव्हतं. आपण शिकवलं नाही म्हणून मूल कोरं राहत नाही, ते आजूबाजूचं उचलतंच. म्हणून गप्प बसणं हा पण एक धडाच होतो.

मग शिकवायचं कसं तर रुडीन सिम्स बिशप या बालसाहित्याच्या अभ्यासक बाईंनी १९९० मध्ये पुस्तकांबद्दल एक म्हटलं होतं ते मला फार कामी येतं, मुलाला आरसे (स्वतःला बघायला) पण हवेत आणि खिडक्या (दुसऱ्यांना बघायला) पण. नुसते आरसे दिले की सर म्हणतात तसा ‘आपण आपण आपण’ होतो. नुसत्या खिडक्या दिल्या की मूल म्हणतं सगळं जग आहे, मीच कुठे नाही. तुमचा ‘क’ आत्ता दुसऱ्या प्रकारात आहे.

न्यूझीलंडचा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम बघा कधी, तो १९९६ चा, २०१७ मध्ये सुधारला. त्याच्या नावाचा अर्थच विणलेली चटई असा आहे आणि आपलेपणा हा त्यातला एक मुख्य धागा. ऑस्ट्रेलियाच्या २००९च्या आराखड्यात तर नावातच पहिला शब्द आपलेपणा. पण दोन्हीत तो गौरवगाथांतून येत नाही, मुलाला इथली वहिवाट माहीत असणं, वस्तू कुठे ठेवतात ते माहीत असणं, आपलं कुटुंब इथे ओळखलं जाणं, यातून येतो. मूल नव्या मुलाला ‘चप्पल इथे ठेवायची’ सांगतं ना, तेव्हा ते इथलं झालेलं असतं.

ताईबाई२६

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

सर, थोर माणसांचं माझं एक साधं गणित आहे. त्या गोष्टी मी सांगते, का नाही सांगायच्या, शौर्य आणि भीती, न्याय आणि लबाडी हे मुलांना आपल्यापेक्षा आधी कळतं. फक्त गोष्टीत जो हरला त्याच्याबद्दल पण एक प्रश्न विचारते, त्याला घरी गेल्यावर काय वाटलं असेल. आणि थोर माणसाइतकीच आमच्या मावशींची गोष्ट सांगते, त्या ३१ वर्षं इथला दरवाजा उघडतायत. मुलांना त्यांना प्रश्न विचारायला बसवते. दरवर्षी एक तरी मूल विचारतंच, ‘मावशी, तू लहान असताना पण मावशीच होतीस का?’ एवढं गमतीचं नाही ते, पियाजेचंच आहे. मोठी माणसं मुळातच मोठी असतात असं त्यांना वाटतं, आणि मावशी जेव्हा सांगतात की मी पण पहिल्या दिवशी रडले होते, तेव्हा मुलांच्या डोळ्यांत काहीतरी हलतं.

ठोंब्या

माझा वरचा प्रतिसाद जरा उद्धट झाला. माझ्या वडिलांना सध्या बरंच आठवत नाही. काल ‘आठवतंय का, कुठे गेलो होतो’ असं विचारायच्या ऐवजी ते कुतूहल यांचं उलगडणारं करून बघितलं, पाऊस होता ना वगैरे. वीस मिनिटं बोलले. विषयांतराबद्दल माफी.

खडूवाली

ठोंब्या, अजिबात विषयांतर नाही.

तीन आठवडे झाले, राहिलेलं सांगते म्हणजे धागा अर्धवट नको.

‘क’शी बोलले. मी म्हटलं फोटो आणा म्हणणं माझी चूक होती. तो म्हणाला, ‘बरं.’ आणि मग म्हणाला, ‘मला निळा खडू दे.’ संपलं. मी आदल्या रात्री काय काय वाक्यं तयार केली होती.

भिंत तशीच ठेवून चित्रं लावत गेले, आता फोटो शोधावे लागतात. दोरी बांधली, पहिल्यांदा उंचच बांधली गेली, मुलांनीच सांगितलं ताई पोचत नाही. ठसे माझ्याकडे नव्हते पण पहिल्या दिवसाची चित्रं फायलीत होती. ‘क’चं चित्र म्हणजे कागदाच्या एका कोपऱ्यात एक काळी उभी रेघ, बाकी सगळा कागद पांढरा. मी ते उलगडणारं बोलणं करून बघितलं, म्हटलं त्या दिवशी तू दारापाशी होतास ना, मग?

तो बोलायच्या आधी ती डायपरवाली मुलगीच बोलली, ‘हो, हा कडी धरून रडत होता. मी बघितलं.’

मला वाटलं झालं, परत तेच. पण तो ताडकन म्हणाला, ‘मी रडत नव्हतो. वारा होता. मी दार धरून ठेवलं होतं.’ आणि रेघेवर बोट ठेवून, ‘ही कडी.’

मग दोघांचं भांडण जुंपलं, वारा होता की नव्हता. तिसरा म्हणाला वारा होता, माझा कागद उडाला होता. चौथी म्हणाली मी त्या दिवशी आलेच नव्हते म्हणून मला विचारू नका. मी फक्त तुला कसं कळलं, तुला कसं कळलं करत होते, आणि मनात म्हणत होते की मला स्वतःला तर त्या दिवशी वारा होता का अजिबात आठवत नाहीये. शेवटी दोन चित्रं दोरीच्या अगदी पहिल्या टोकाला लागली, एक रडणाऱ्या मुलाचं आणि एक दार धरून ठेवलेल्या मुलाचं. दुसऱ्यात दार मुलापेक्षा लहान आहे.

पुड्यावरचं बाळ इतके दिवस भिंतीवरच होतं. परवा त्यानं ते स्वतःच काढलं आणि त्या मुलीला दिलं, ‘हे तुमच्या बाळाचं आहे, घे.’ तिनं दप्तरात टाकलं. मी मध्ये पडले नाही.

मावशी शुक्रवारी येतायत आमच्याकडे पण. मुलं प्रश्न सांगतायत, मी लिहून घेतेय. आत्तापर्यंत नऊ झालेत. पहिला ‘तुमचे केस आधीपासूनच पांढरे होते का’, आणि ‘क’चा आहे तो असा, ‘आमच्या आधी इथे जी मुलं होती ती आता कुठे आहेत?’